शंभू गवंड्याचा ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ उभी आहे की कललेली, हे दोरीला लोंबकळून सांगणारा. आता मी पणजीतल्या एका थंडगार कचेरीत काचेच्या पेटीत आडवा पडलो आहे. ओळंब्याला आडवं निजवायचं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. पण ज्यांना कळायला हवं होतं त्यांनाही कळलं नाही, म्हणून तर ही बडबड.

माझा जन्म डिचोलीचा. गोवा मुक्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. सदाशिव कांसाराने एक मोडकी समई वितळवून मला ओतलं. मला न्यायला आला पेडण्यातल्या तुये गावचा शंभू गवंडी, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला. त्याने मला हातात तोललं, खिशातून खिळा काढला आणि माझ्या खांद्यावर 'शं' असं एकच अक्षर कोरलं. दुखलं मला! पण त्या दिवसापासून मी कुणाचा तरी झालो.

पुढची वीस वर्षं आम्ही दोघांनी पेडण्यात किती भिंती उभ्या केल्या, विचारू नका. आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. घरप्रवेशाच्या दिवशी पाहुण्यारावळ्यांनी दारापुढचं खळं भरलं की यजमान मोठ्याने हाक मारायचा, "शंभू गवंडी, पुढे ये!" मग त्याच्या हातात नारळ आणि नवा पंचा. मला कुंकू. सगळ्या गावासमोर नाव घेऊन! त्या दिवशी शंभू घरी चालत जायचा तो छाती काढून. नारळ तो बायकोच्या, वत्सलेच्या, हातात द्यायचा आणि म्हणायचा, "घे, उबे रवले एकदाचे."

त्यांची एकुलती मुलगी सुलोचना. मराठी शाळेत शिकलेली, हुशार, चित्रं काढणारी. ती वास्तुकलेच्या कॉलेजात गेली आणि पहिल्याच महिन्यात रडत घरी आली. हातात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. घरं कशी बांधावीत याचं नव्हे. घर म्हणजे काय, दार म्हणजे काय, असल्या विचारांचं. "बाबा, डोक्यावरून जातंय सगळं. मी कॉलेज सोडते."

शंभू चौथी शिकलेला. इंग्रजीचा गंध नाही. त्याने चहाची पेली खाली ठेवली आणि म्हणाला, "आख्खे पुस्तक कित्याक गिळतस? एक वळ वाच. आणि ती आपल्या भाषेत सांग बघया."

सुलोचनाने डोळे पुसून एक ओळ लावली. "लिहिलंय की दार ही जायची-यायची वाट नाही, ती थांबायची जागा आहे. म्हणजे काय ते देव जाणे."

शंभू असा हसला! "ह्या सांगूक पुस्तक कित्याक जाय? चल माज्यावांगडा."

तो तिला मांद्र्याला यशोदेच्या घरी घेऊन गेला. ते घर आम्हीच बांधलेलं. "हय बघ. यशोदा मासळी घेता तेव्हा मासळीवाली आत येना आणि यशोदा भायर वचना. दोगींच्यो गजाली तासभर हयच. म्हणान पायरी रुंद केलंय. टोपली मावता का नाय?" सुलोचना त्या पायरीवर बसली. पुस्तक पुन्हा उघडून तीच ओळ तिने दोनदा वाचली, आणि तिचा चेहरा बदलला. मी तिथेच होतो, शंभूच्या खिशात.

मग तेच ठरून गेलं. दिवसाला एक वाक्य, आणि त्या वाक्याला एक घर. खिडकीबद्दलचं वाक्य आलं की शंभू सांगे, "चुलीकडल्या बायलेक वाट दिसूक जाय, वाटेवयल्याक ती दिसूक नको." ती ते पेन्सिलने पानाच्या कडेला लिहून घेई. उतरतं छप्पर म्हणजे जुन्या काळाची भीती, असं काहीसं एका पानावर होतं. शंभू म्हणाला, "लिवणाऱ्याच्या गावात पाऊस पडना असतलो. फुडे वाच." बापलेक दोघे पोट धरून हसले. तीन महिन्यांत बाकीचं पुस्तक ती आपलं आपण वाचू लागली. कॉलेज सोडायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

सुलोचना मोठी झाली, नावारूपाला आली. आणि एक दिवस तिने स्वतःच मराठीत पुस्तक लिहिलं. वास्तुविचार वाचायला सुरुवात कशी करावी, नव्या मुलांसाठी. दिवसाला एक वाक्य, त्या वाक्याला एक घर. रुंद पायरी, चुलीकडची खिडकी, पावसाचा तो विनोदसुद्धा!

प्रकाशनाचं बोलावणं आलं तेव्हा शंभू म्हातारा झाला होता. "सुलूचे घर उबे रवले," तो म्हणाला आणि माझी दोरी नव्याने वळायला बसला. घरप्रवेशाला गवंडी ओळंबा घेऊन जातो ना? वत्सलेने मला कुंकू लावलं. गुडघ्यांमुळे तिला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दोघेच बस बदलत पणजीला गेलो. माझ्या भोळ्या शंभूला वाटत होतं, पुस्तक पुरं झालं की गवंड्याला हाक येते.

हाका आल्या की! मुद्रकाला नारळ, मुखपृष्ठवाल्याला नारळ, पाहुण्यांना नारळ आणि शाल. प्रत्येक नावाला शंभू खुर्चीत पुढे सरके. खिशात त्याचा हात माझ्यावर घट्ट आवळला जाई. शेवटी सुलोचना बोलायला उभी राहिली. "हे पुस्तक मला आपल्या मातीतल्या निनावी गवंड्यांनी शिकवलं," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. शेजारचे वाजवत होते म्हणून शंभूनेही वाजवल्या.

घरी वत्सला दारातच उभी होती. "नारळ खंय?"

"संपले गो," शंभू म्हणाला आणि पाय धुवायला मागीलदारी गेला.

पुढच्या चतुर्थीला सुलोचना घरी आली तेव्हा पुस्तकात आपलं नाव का नाही, हे त्याने सरळ विचारलं. राग नव्हता आवाजात. ती समजावू लागली, "बाबा, संदर्भ छापील पुस्तकांचेच द्यावे लागतात. घरच्या माणसाचं नाव घातलं की लोक हसतात. आणि निनावी म्हणजे तुम्हीच की!"

"माका नाव आसा गो," शंभू म्हणाला. "तुजे नावसुद्धा म्याच ठेयले."

ती उठून दूर्वा निवडायला बसली. तिला लाज वाटली असं मला वाटलं होतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तिसरी निघाली, पहिल्या पानावर छापलेले ते 'निनावी गवंडी' तसेच राहिले. तिसरी आवृत्ती यायच्या आधीच शंभू गेला. बारावं झाल्यावर सुलोचनाने मला उचलून इथे, तिच्या कचेरीत आणलं. आणताना रडली, खोटं का बोलू? पण रडून झाल्यावर तिने पेटी करवून घेतली आणि खाली पट्टी लावली : 'जुना ओळंबा, पेडणे. कारागीर अज्ञात.' 'शं' आहे ती बाजू खाली गेली. कुणी उलटून पाहिलंच नाही.

विद्यार्थी येतात, पट्टी वाचतात, मान डोलावतात. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा कुणाचा?" सुलोचना माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले तिचे. मला वाटलं, आली हाक! "आमच्याकडचाच," ती म्हणाली आणि पुढच्या पेटीकडे वळली.

मित्रांनो, मला पुसू नका, लखलखीत करू नका. पुस्तकं खुशाल वाचा. दिवसाला एक वाक्य घ्या, आणि ते घेऊन कुणाच्या तरी दारात जाऊन उभे राहा. पण त्या दारात तुम्हाला ज्याने शिकवलं, त्याचं नाव विचारून घ्या आणि लिहा. आणि कधी या कचेरीत आलात तर कुणाची परवानगी न विचारता पेटी उघडा आणि मला कुशीवर वळवा. माझ्या खांद्यावर एक अक्षर आहे. पुढचं अक्षर तुम्ही मोठ्याने म्हणा.