चौदा नंबरचा रिबाउंड

"नोंदी करणाऱ्या बाई त्या तुम्हीच ना?"

आर्डिथ बोलिंजरने मान वर केली. मॅचला अजून दीड तास होता. कोलियर्स या बास्केटबॉल संघाचे चार-पाच खेळाडू नेम धरायला मैदानात उतरले होते. टेबलापलीकडे एक उंच म्हातारा उभा होता, अंगात जाड कोट, हातात मोबाइल.

"हो, मीच. काय काम होतं, साहेब?"

"साहेब कशाला? चाळीस वर्षं कारखान्यात भट्टीवर होतो मी. एमेट प्रूइट. माझा रॉडी खेळला होता इथं. अकरा वर्षांपूर्वी. एकच मॅच."

आर्डिथने आठवून पाहिलं, पण काही आठवेना. टेरे होट शहराच्या या संघात दर हंगामाला दहा-बारा पोरं यायची आणि जायची. कुणी आठवडाभर टिकायचं, कुणी एक दुपार. ती त्यांचे चेहरे क्वचितच पाही, तिची नजर नंबरांवर आणि चेंडूवर. मैदानात घडेल ते ती तोंडाने बोलायची आणि शेजारी बसलेला ड्वेन ते संगणकात टिपायचा. कुणाचा शॉट, कुणाचा पास, चुकलेल्या शॉटचा चेंडू कुणी झेलला, म्हणजे रिबाउंड कुणाचा, सगळं. शाळेत गणित शिकवता शिकवता तिने हे काम धरलं, त्याला आता तीस वर्षं झाली होती. वाद झाला की प्रशिक्षकसुद्धा म्हणायचे, आर्डिथ म्हणाली ना, मग संपलं.

"नोव्हेंबरात गेला तो," एमेट म्हणाला. "चौतीस वर्षांचा होता. मालाची गाडी चालवायचा. स्टिअरिंगवरच छातीत दुखायला लागलं. गाडी मात्र बाजूला घेऊन उभी केली त्यानं. कुणाला धक्का लागला नाही."

आर्डिथने शेजारची खुर्ची पुढे ओढली. तो बसला नाही.

"त्याच्या सामानात हे सापडलं. तेव्हाच्या मैत्रिणीनं काढलेलं. तुम्ही एकदा बघा. मला त्यातलं फार कळत नाही."

मोबाइलवरच्या व्हिडिओत चित्र हलत होतं. समोरच्या संघाच्या सात नंबरने शॉट मारला, चेंडू कडीवर आपटून उडाला. तिघे-चौघे वर झेपावले. त्यांतल्या एका सडपातळ पोराने, चौदा नंबरच्या, चेंडू दोन्ही हातांत पकडला, पाय जमिनीला टेकवले आणि मग शेजारच्या चव्वेचाळीस नंबरच्या हातात दिला. चव्वेचाळीस म्हणजे ब्रिस्को, तेव्हाचा संघाचा हिरो. तो वळून धावत सुटला आणि सगळं प्रेक्षागृह त्याच्या नावाने ओरडलं. टेबल आणि खेळाडू यांच्या मधोमध पंचाची रुंद पाठ होती.

ड्वेनने तोवर जुना तक्ता उघडला होता. प्रूइट, चौदा. मिनिटं तीन. गुण शून्य. रिबाउंड शून्य. गुण मिळवून देणारे पास शून्य. फाउल एक. चेंडू गमावला, दोनदा. खाली ब्रिस्को, रिबाउंड दहा.

आर्डिथने व्हिडिओ पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. ड्वेन तिच्याकडे चोरून बघत होता.

"त्याचं काय आहे, काका," तो म्हणाला, "व्हिडिओ काढलाय बाजूनं. अशा कोनातून नक्की सांगता येत नाही. दोघांचेही हात होते..."

"येतं सांगता," आर्डिथ म्हणाली.

"आर्डिथ, अगं..."

"ड्वेन, त्याचाच आहे. दोन्ही हातांत आहे, पाय टेकलेत. मी ब्रिस्कोचं नाव घेतलं, कारण चेंडू घेऊन बाहेर आला तो ब्रिस्को." ती म्हाताऱ्याकडे वळली. "मला दिसलं नव्हतं. दिसलं नाही असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही मी. चूक माझी आहे."

एमेट आता खुर्चीवर बसला. मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"मी आलो नव्हतो त्या मॅचला," तो म्हणाला. "भट्टीवर पाळी होती. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, पण म्हटलं, आता खेळणारच आहे पोरगं, पुढच्या खेपेला जाऊ. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर हे. शून्य, शून्य, शून्य. रात्री जेवायला आला तेव्हा मी म्हटलं, काय रे, तीन मिनिटं काय हवा खायला गेला होतास? तर हसला. म्हणाला, एक रिबाउंड घेतला, बाबा, ब्रिस्कोच्या डोक्यावरून. मी पेपर पुढं टाकला. म्हटलं, इथं तर लिहिलेलं नाही. बापाशी तरी खोटं बोलू नकोस."

मैदानातला एक चेंडू टप्पे घेत टेबलाशी आला. ड्वेनने उठून तो परत फेकला आणि जरा लांबच उभा राहिला.

"तो काय म्हणाला?" आर्डिथने विचारलं.

"काहीच नाही. ताटलीतलं सगळं संपवलं, आईला म्हणाला, मका छान झालाय. तीन दिवसांनी संघातून काढलं त्याला. एका रिबाउंडनं ते टळलं असतं असं नाही म्हणत मी. पण त्यानंतर माझ्यासमोर त्यानं बास्केटबॉलचं नाव कधी काढलं नाही. टीव्हीवर मॅच लागली की उठून अंगणात जायचा. मला वाटायचं, हरल्याची लाज वाटत असेल पोराला."

सोमवारी आर्डिथने लीगच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस समजूतदार होता.

"बाई, मॅचनंतर दोन दिवसांनी नोंद बंद होते. तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हीच तर नव्या लोकांना शिकवता हे."

"पण चूक माझी आहे. मी लिहून देते."

"त्यात ब्रिस्कोचे दहा आहेत. त्याचे नऊ करायचे, अकरा वर्षांनी? उद्या शंभर जण व्हिडिओ घेऊन दारात उभे राहतील. तीस वर्षांचं नाव आहे तुमचं. कशाला त्याला डाग लावून घेता?"

तिने तरीही पत्र पाठवलं. शुक्रवारी दोन ओळींचं उत्तर आलं. बदल करता येणार नाही, कळावे.

त्या आठवड्यात ती घरी जुने तक्ते उघडून बसायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, जेवायला बोलावणारं घरात कुणी नव्हतं. शून्यांच्या ओळी एरवी तिच्या नजरेला जाणवतही नसत. आता एकेका ओळीपाशी ती थांबायची आणि त्या दिवशी आपण खरंच बघितलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न करायची. आठवायचं नाही.

पुढच्या रविवारी एमेट आला तेव्हा तिने त्याच्या हातात एक कागद दिला. त्या मॅचचा पूर्ण तक्ता तिने नव्याने टाइप केला होता. प्रूइट, रिबाउंड एक. ब्रिस्को, नऊ. खाली चार ओळींत काय घडलं, कुणी चुकवलं, आणि तिची सही.

"लीगनं ऐकलं नाही," ती म्हणाली. "हा कागद लीगचा नाही. माझा आहे. याला कुणी विचारणार नाही."

त्याने चष्मा लावून ओळ वाचली. बोट आडवं सरकत शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"हे दोनदा चेंडू गमावला ते?"

"ते त्याचेच आहेत. तुमच्या व्हिडिओत तेही दिसले."

"मग राहू द्या. त्याचं आहे ते राहू द्या."

ती बराच वेळ जे घोळवत होती ते आता बोलली. "एमेट, मला माफ करा. माझ्यामुळे तुम्ही त्याला..."

"नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्ही त्याला ओळखत नव्हता, बाई. तुमच्यासाठी तो एक नंबर होता, दिसला असता तर लिहिला असता. मी ओळखत होतो. लहानपणी काच फोडली तरी आपणहून येऊन सांगायचा. आणि मी पेपरावर विश्वास ठेवला."

आर्डिथने टेबलाच्या खणातून एक तिकीट काढलं.

"मॅच बघून जा," ती शेवटी म्हणाली. "पुढची जागा देते."

"नको. रॉडीकडं जायचंय, दफनभूमीत. चारनंतर फाटक लावतात."

त्याने कागदाची घडी घातली नाही. दोन्ही हातांनी समोर आडवा धरला आणि पायऱ्या चढू लागला. वरून लोक पॉपकॉर्न आणि कोकाकोलाचे पेले सांभाळत खाली येत होते. त्याला तसा येताना पाहून ते एका बाजूला सरकत होते. तो एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कागद जराही वाकू न देता, वर दारापर्यंत गेला.