शेवटचं नाव

या, जरा जवळ सरका. चापाला नावाच्या तळ्याकाठच्या क्लेओफासची गोष्ट सांगतो. गाण्याची आहे, मन लावून ऐका.

क्लेओफासचा मुलगा एलिगियो मासे धरायला गेला आणि तळ्यानं त्याला परत दिलं नाही. तेव्हापासून कोळ्यांचा रखवाला संत पेद्रो याच्या सणाला होड्या निघाल्या, की बुडालेल्यांच्या नावांचं भजन क्लेओफासच म्हणायचा. लेकाचं नाव सगळ्यांत शेवटी, लांबवून. त्या एका सुरात त्याला लेक भेटायचा. बायको ओतिलिया मात्र काठावरच थांबायची. ते नाव तिनं पुन्हा तोंडातून काढलंच नव्हतं.

पुढं क्लेओफासची मूत्रपिंडं थकली. नळीतून पोटात पाणी सोडायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काढून टाकायचं, असं डायलिसिस घरीच चाले. पण घाण पुरती उतरेना. अंगात त्राण नाही, जिभेला गंजाची चव, आवाज तर बसलाच.

शेवटी त्याला इस्पितळात ठेवलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी त्या पाण्यात एक औषध मिसळून पाहिलं. म्हणाल्या, "यानं पोटातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त जास्त खेळतं, घाण लवकर उतरते."

"आणि मी मेली पोटावर वरून दारू चोळत बसले!" ओतिलिया म्हणाली.

"चोळण्यापेक्षा पाजायची होतीस, म्हातारे!"

थोड्याच दिवसांत त्याचा आवाज फुटला. खाटेवर बसून तो गाऊ लागला, तशा नर्सा दारात थबकल्या. पण सणाच्या तोंडावर तो उठता उठता कोसळला. रक्तदाब उतरला होता. रुंदावलेल्या वाटेनं अंगातली प्रथिनंही वाहून चालली होती. बाईंनी औषध बंद केलं.

"सणापुरतं तरी द्या, बाई. पोरगं वर्षभर वाट बघतं हो."

"नाही, बाबा. गाण्यापायी तुमचा जीव मी जाऊ देणार नाही."

सणाला तो होडीत चढला, तशी मागून ओतिलियाही चढली. "पडलास तर धरायला आलेय. गाणं ऐकायला नाही."

एकेक नाव घेता घेता त्याचा आवाज विरत गेला. शेवटच्या नावापाशी तोंड उघडलं, पण सूर आलाच नाही.

"एलिगियोऽऽ!"

ओतिलियाच ती. घोगरी, बेसूर, पण छाती फुटेस्तोवर लांबवलेली हाक.

क्लेओफासच्या डोळ्यांतून धार लागली. "सूर चुकला, म्हातारे."

"मग बरा हो आणि शिकव."

मंडळी, कधी भजनाला बसलात, तर शेवटी त्या पोराची आठवण काढा.