खंडेनवमीचं शून्य

आमची संस्था लई मोठी. चाळीस देशांत ऑफिसं, अन् पूर-भूकंपात वाटायच्या औषधांचं गोदाम इथं चितेगाव रोडला. औषधांची थंड खोली चोवीस तास चालू. या वर्षी वरून हुकूम आला, प्रत्येक गोदाम किती वीज खातं ते मोजा अन् कमी करा. मोजायला मी. नववीतून शाळा सोडली, पण आकडा माझा चुकत नाय. गोदाम सांभाळणाऱ्या श्रेया मॅडम म्हणल्या होत्या, नव्वद दिवस एकबी खाडा न करता नोंद दे, मग पक्की नोकरी. सत्त्याऐंशी झाले अन् खंडेनवमी, दसरा, रविवार अशी सुट्टी लागली. सुट्टीत वीज मोजायचं यंत्र आपोआप वर आकडा पाठवतं.

सोमवारी आले तर यंत्राला हळदीकुंकू, झेंडूची माळ, अन् दिवा बंद. वॉचमन रामकिसन मामानं जीप, जनरेटर, पाने-पक्कड सगळं पुजलं होतं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम लावत नाहीत, म्हणून यंत्राचं बटण बंद.

"वर्षभर राबतंय ते मेघा, एक दिवस बसू दिलं."

"तीन दिवस झाले, मामा."

"मग चालू करायचं इसरलो की."

थंड खोली मात्र चालूच होती. पण यंत्र बंद, म्हणून वरच्या ऑफिसात आकडा पडला शून्य, शून्य, शून्य.

तेवढ्यात मॅडमचा फोन. लई खुश. आपलं गोदाम जगात पहिलं आलं, सगळ्या ऑफिसांना तसं पत्र गेलं. काय युक्ती केली, विचारू राहिल्या. मामा समोर हात जोडून उभा. मी सगळं खरं सांगून टाकलं.

 मॅडम हळूच म्हणल्या, पत्र गेलंय, आता बोलू नको, तुझे नव्वदबी भरले.

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, खोटा आकडाच पाहिजे होता तर मला कशाला ठेवलं? मामानं फुकटात दिला असता."

फोन ठेवला. तिन्ही दिवसांपुढं 'यंत्र बंद, मोजलं नाही' लिहिलं अन् थेट वरच्या ऑफिसला पाठवलं.

संध्याकाळी उत्तर आलं. पहिला नंबर रद्द. खरं सांगितल्याबद्दल आभार. तीन दिवसांचा खाडा पडल्यानं नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून.

मामानं हळूच विचारलं, पुढच्या नवमीला काय करायचं.

"हळद लावा, कुंकू लावा, माळ घाला. बटणाला बोट लावलं तर बघा."