लोर्नाच्या कठड्यावरचा खिमा

मी ऑस्ट्रेलियाच्या रानातली म्हातारी कूकाबरा आहे, मित्रांनो. तुमच्याकडच्या खंड्याची थोरली आत्या म्हणा, फक्त माशांचं मला फारसं कौतुक नाही. साप, सरडे, सापसुरळ्या, उंदीर, जे चोचीला लागेल ते फांदीवर आपटायचं आणि हाडांसकट गिळायचं, ही आमच्या घराण्याची रीत.

जुन्या निलगिरीच्या ढोलीत माझा संसार झाला. आमच्यात मोठी पोरं लगेच घर सोडत नाहीत. पाठच्यांना भरवतात, राखण करतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला आम्ही सगळे खदाखदा हसतो. लोकांना वाटतं, गंमत चाललीय. अहो, ती ताकीद असते. हे रान आमचं आहे, पुढं येऊ नका.

रानाच्या कडेला लोर्ना राहते. नवरा गेल्यापासून एकटीच. यंदा तिनं पडवीच्या कठड्यावर खिमा ठेवायला सुरुवात केली. आपटायला नको, पाठलाग नको. मला चटक लागली. ढोलीत दोन पिलं होती, लेक आणि धाकटा. लेक माझी लाडकी, तिला मी तोच भरवू लागले. माझा मोठा मुलगा सापसुरळी घेऊन आला की मी म्हणायची, "ने ती वाळकी हाडं धाकट्याला. माझी लेक मऊ खाईल."

"आई, आम्ही नाही असे वाढलो."

"मला शिकवतोस? तुला उडायला कुणी शिकवलं रे?"

तो सापसुरळी धाकट्याच्या चोचीत द्यायचा.

ढोली सोडायच्या दिवशी धाकटा सरळ समोरच्या झाडावर गेला. लेक झेपावली आणि दगडासारखी खाली आली. लोर्नानं तिला टॉवेलात गुंडाळलं आणि ग्वेनला बोलावलं. जखमी पाखरं तीच सांभाळते. तिनं पंख चाचपला.

"काय घालत होतीस गं यांना?"

"चांगला ताजा खिमा. माझ्या पानात कधी पडला नाही तसला."

"नुसतं मांस. हाड नाही, कातडं नाही. बघ, हिची हाडं कोवळ्या काडीसारखी वाकतायत. ही उडायची नाही आता. माझ्याकडं पिंजऱ्यात राहील."

लोर्ना पायरीवरच बसली. "कुणीतरी दारात यावं असं वाटायचं गं. बाकी काही नाही."

"तुला एकटीला काय बोलू? आख्खा गाव हेच करतो."

मी वरच्या फांदीवर होते. लोर्नाला ठाऊक नव्हतं, मित्रांनो. मला ठाऊक होतं. माझ्या आईनं मला हाडांवरच पोसलं होतं. त्या तिन्हीसांजेला घरचे सगळे हसले, माझा गळा उघडला नाही.

आमच्यावर जीव असेल तर खिमा तुमच्याच पानात राहू द्या. पडलेला ओंडका तेवढा अंगणातून हलवू नका, त्याच्याखाली आमचं जेवण राहतं.

आज सकाळी लोर्ना रिकाम्या हातांनी कठड्यापाशी आली. मी समोरच बसले होते. आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही. तेवढ्यात मोठा मुलगा शेजारी येऊन बसला. चोचीत सापसुरळी होती. ती त्यानं माझ्या पुढ्यात ठेवली.

"आई, खाऊन घे," तो म्हणाला. "कालपासून उपाशी आहेस."

एक शब्द टोचून बोलला असता तरी घास उतरला असता.