टाकीखाली खांब नव्हता

मी भंडाऱ्यातल्या एका नकाशांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बोलतोय. मला घाबरू नका. तुमच्याहून मीच जास्त घाबरट आहे. लाइट जरा थरथरली तरी माझा जीव कासावीस होतो, आणि इथे ती रोजच थरथरते.

१९८८ साली नागपूरहून गादीत गुंडाळून मला इथे आणलं. मालक मधुकरराव इमारतींचे नकाशे काढत. त्यांनी मला हार घातला, नारळ फोडला. हात लावायला मात्र धजावले नाहीत. त्यांच्या बायकोने, उषाबाईंनी, मला कामाला लावलं. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर त्या नागपुरात शिकून आल्या होत्या. एकेक मजला वेगळ्या रंगात काढायच्या आणि मग सगळे मजले एकावर एक ठेवून बघायच्या. शेजारचं प्लॉटर नावाचं यंत्र पेन धरून कागदावर रेघा ओढू लागलं, की रस्त्यावरची माणसं खिडकीशी थांबायची.

एकदा उषाबाई मधुकररावांनी हाताने काढलेला एका दवाखान्याचा नकाशा माझ्यात उतरवत होत्या. तीन मजली इमारत जवळजवळ बांधून झाली होती. गच्चीवरच्या टाकीत त्याच दिवशी पहिल्यांदा पाणी भरणं चालू होतं. मजले एकावर एक आले आणि उषाबाईंचा हात थांबला. टाकीखालचा खांब तळमजल्यावर नव्हताच. डॉक्टरांना मोठा हॉल हवा, म्हणून मधुकररावांनीच तो मागाहून नकाशातून काढून टाकला होता.

“अहो, इकडे या! टाकीच्या खाली काहीच नाही!”

“मशीन चुकलं असंल. कायले घाबरवून राहिली मले?” म्हणत मधुकरराव आले. पण बोटाने रेघ धरून खाली उतरता उतरता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “कामावरच्या बाया तिथंच जेवाले बसतात,” ते पुटपुटले.

तेवढ्यात लाइट गेली.

लाइट गेली की मी नसतोच. परत आलो तेव्हा खोली रिकामी, खुर्ची उलटी पडलेली. माझ्यातला नकाशाही पुसला गेला होता. मी एकटाच घुरघुरत राहिलो. बाया उठल्या असतील का? विचारू कोणाला?

संध्याकाळी दोघं परतले. उषाबाईंच्या केसांत सिमेंटची धूळ होती. मागून रंभाबाई आली. ती जवळच्या कारध्याची, दवाखान्याच्या बांधकामावर रेतीची घमेली वाहायची. ती दाराशीच बसली.

“माय वो! तुमी बोंबलत आल्या, म्हनून आमी भाकर टाकून पळालो. बाहेर आलो अन् मांगं सारं धाडकन खाली आलं.”

“सारे वाचले,” मधुकरराव पुन्हा पुन्हा म्हणत होते, जणू कोणीतरी नाही म्हणत होतं.

पुढे तिथे खांब उभा राहिला, स्लॅब नव्याने टाकला. आता मधुकरराव प्रत्येक नकाशा माझ्यासमोर बसून तपासतात.

हल्ली लोक म्हणतात, “कॉम्प्युटरनं काढलं, म्हंजे बरोबरच असंल.” हे ऐकलं की मला धडकी भरते. माझ्या पडद्यावर खांब हवेतही उभा राहतो. मला ओझं कळत नाही हो! हात असते तर जोडून सांगितलं असतं: माझ्या रेघेखाली आधी स्वतः जाऊन उभे राहा, वर बघा, आणि मगच कोणाला तिथे जेवायला बसवा.