मऊ दोर

आमच्या जीपच्या पुढच्या बंपरवर विंच आहे. विंच म्हणजे बॅटरीवर फिरणारा एक रहाटच. चिखलात रुतलेली गाडी त्याच्या तारेला अडकवायची आणि बटण दाबून ओढून काढायची. माझा नवरा धैर्यशील शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत आहे. आठवडाभर वितळलेल्या लोखंडाशेजारी उभं राहिल्यावर रविवारी त्याला विश्रांती म्हणून कुरुंदवाडला जाऊन उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या असतात. आमच्या नव्हे, गावाच्या. सासरे तिथंच राहतात. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. "आमच्या पोराकडं यंत्र हाय, येतोय की त्यो," असं ते परस्पर सांगून मोकळे होतात.

विंचला पहिल्यापासून पोलादी तार होती. तेजस्वी तीन वर्षांची झाली, बापाबरोबर शेतावर जायला लागली, आणि मी त्या तारेविषयी वाचायला घेतलं. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उलटी येते. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय. ताणात किती ऊर्जा साठते हे तेव्हा परीक्षेपुरतं कळलं होतं, आता पोरीच्या उंचीपुरतं कळलं.

तार काढून सिंथेटिक दोर बसवायचा, असं मी एका रविवारी कुरुंदवाडला जेवताना जाहीर केलं.

"म्हशीला दावं आणि गाडीला तार," आण्णा म्हणाले. "ह्यात शिकायचं काय हाय?"

"आण्णा, दोर हलका असतो. तुटला तरी जागेवर पडतो. माणसाला लागत नाही."

"आणि तुटंल कशाला म्हणतो मी?"

धैर्यशीलनं दोन्ही बाजू मांडल्या, म्हणजे स्वतःची एकही मांडली नाही. दोर उन्हानं कमजोर होतो, दगडाला घासला की कापतो, चिखलातली वाळू आत शिरली की आतून खराब होतो, दर वेळी धुवावा लागतो. "धुणार कोण?" त्यानं विचारलं. मी धुणार म्हणाले. ह्या घरात माझ्या हातनं धुवायचं तेवढंच राहिलं होतं.

दोर आला. केशरी रंगाचा, बोटांत धरला तर रेशमासारखा. आण्णांनी तो दोन्ही हातांत घेऊन उजेडाला धरला. "लई मऊ हाय की गं. नवऱ्याला पैठणी घेतलीस व्हय?" पण रंग त्यांना आवडला. दोर जागेवर पडतो ही गोष्ट तर इतकी आवडली की संध्याकाळपर्यंत ती अर्ध्या गावाला माहीत झाली होती.

पुढच्याच रविवारी शेजारच्या रानातल्या गुंडूची भरलेली ट्रॉली पाणंदीत रुतली. पाटाचं पाणी फुटून वाटेत आलं होतं, एक चाक आसापर्यंत खाली गेलेलं. आम्ही पोचलो तेव्हा बघायला बरीच माणसं जमली होती.

पूर्वी ह्या कामाची एक ठरलेली रीत होती. धैर्यशील तारेवर जुनी वाकळ टाकायचा, म्हणजे तुटलीच तर तिच्या वजनानं दबावी, आणि एकदाच ओरडायचा. सगळे बांधावर. तारेला कुसळं असायची, हाताला टोचायची. जवळ जायची कुणाला हौसच नव्हती.

आता धैर्यशील आत बसला, इंजिन चालू ठेवून. समोरचं बॉनेट उघडून उभं केलेलं, म्हणजे काही तुटून आलंच तर त्यावर आदळावं. हेही मीच वाचून सांगितलं होतं. त्यामुळे त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. गुंडूनं "घ्या" म्हणायचं आणि ह्यानं बटण दाबायचं. मी पोरीची पाण्याची बाटली काढायला मागच्या बाजूला गेले. तेजस्वी आण्णांच्या कडेवर होती, बांधापाशी.

बाटली घेऊन पुढं आले तर दोराला माणसं लागलेली.

आमच्याकडं कुणी काही ओढत असताना हात खिशात घालून उभं राहणं हा अपमान असतो, ओढणाऱ्याचा आणि स्वतःचाही. तार होती तेव्हा इलाज नव्हता. दोर दिसल्यावर रथाला लागावेत तसे सगळे दोन्ही बाजूंनी लागले होते. सर्वांत पुढं, बंपरच्या अगदी जवळ, आण्णा. एका हातात दोर, दुसऱ्या हातावर तेजस्वी. तिनंही आपला तळवा दोरावर ठेवला होता. दोर सावकाश बंपरवरच्या रोलरांच्या फटीतून आत, विंचच्या ड्रमवर गुंडाळला जात होता, आणि तिचा तळवा त्याच्याबरोबर रोलरकडं सरकत होता.

"हात सोडा," मी म्हणाले. "आण्णा, तिचा हात काढा आधी."

"अगं तूच म्हणलीस न्हवं, लागत न्हाय म्हणून."

"तुटला तर लागत नाही. बोटं आत जातील."

"आमी सोडतोय की तवर," मागून कुणीतरी म्हणालं.

"वैनी, तुमीबी लावा हात," गुंडू म्हणाला. "पुण्य लागंल." आणि बॉनेटकडं तोंड करून, "घ्या, घ्या, हाललीया."

आतून धैर्यशीलनं घेतलं.

विंचची ओढ, रोलरमधलं अंतर, बोटाची जाडी, हे सगळं मला समजावून सांगता आलं असतं. कॉलेजवर शिकवत होते तेव्हा ह्याहून अवघड गोष्टी सांगितल्यात. तेजस्वीच्या बोटांपुढं जेमतेम वीतभर दोर उरला होता.

"दोरात करंट उतरलाय," मी म्हणाले. "बॅटरीवर चालतंय हे. दोर ओला हाय."

एका क्षणात दोर मोकळा झाला. आण्णा पोरीला घेऊन बांधावर पोचले तेव्हा त्यांचं एक पायताण चिखलातच राहिलं होतं. कुणी उसात शिरलं, कुणी पाटात. गुंडू हात झटकत लांब उभा राहिला. "तरीच म्हणलं मगापासनं मुंग्या का यायल्यात."

"आधी सांगायचं न्हाय व्हय गं?" आण्णा तेजस्वीचा तळवा धोतराला पुसून त्यावर फुंकर घालत होते. "नुसतं मऊ मऊ म्हणून बसलीस."

ट्रॉली निघाली. दोर तुटला नाही, झिजला नाही, त्यानं कुणाला काही केलं नाही. धैर्यशील खाली उतरला, बॉनेट लावलं आणि बांधावरच्या रांगेकडं बघून खूश झाला. "माणसं शहाणी झाली बघ. न सांगता लांब उभी राहिली." वाटेत मी त्याला खरं सांगितलं.

"बारा व्होल्टचा? दोरातनं? अगं, तुझं एम.एस्सी..."

"गाडी चालवा," मी म्हणाले.

आता गावात आमच्या दोराच्या आसपास कुणी फिरकत नाही. माझ्या अभ्यासाला न जमलेलं एका थापेनं केलं, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

फक्त परवा, इथं कोल्हापुरात, गॅलरीतल्या झोक्यावर तेजस्वी बसेना. सुती दोऱ्यांचा झोका आहे, तिचा लाडका. "करंट आहे," म्हणाली. मी तिला शेजारी बसवून समजावलं. दोरी कोरडी आहे, इथं बॅटरी नाही, दोरीतून करंट जात नाही. सगळं खरं होतं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मग तू बस," ती म्हणाली.

मी बसले. दोन्ही हातांनी दोऱ्या धरल्या, हसले, झोका घेतला. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागं सरकली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्या हातांवरची नजर न काढता म्हणाली, "आई, पाय खाली ठेव. हात सोड."