जेवायची हाक

ज्या वर्षी आमच्या लेकीचं, यमुनेचं लग्न झालं, त्या वर्षी पाड्यात ज्याला ज्याला दोन नावं होती तो तो माणूस पातळ होऊ लागला. लग्नातच ते ध्यानात आलं. कन्यादानाला भटजींनी आमच्या ह्यांच्या ओंजळीत पाणी घातलं आणि ते तळहातांतून आरपार जाऊन पाटावर पडलं. भटजी म्हणाले, "पुन्हा घालू." पुन्हा तसंच झालं. लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, आणि दुसऱ्या दिवशी बांध लांबला.

आमचा पाडा खाडीच्या बांधावर आहे. एका ओळीत घरं, एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती. बांध असा लांबला की शेजारचं घर तेवढं हाकेच्या अंतरावर राहिलं. त्याच्या पलीकडच्या घराकडे निघालं की ते घर पुढे पुढे सरकायचं. त्यामुळे कुणाचं कुठलं एक नाव ठेवायचं, ते ठरवायचं शेजाऱ्याशीच. माझ्या उगवतीला चांगुणा राहते, मावळतीला पोशाभाऊ.

कसं ठरवायचं हे कुणी शिकवलं नाही, तरी सगळे तसंच करू लागले. एकानं एखाद्या माणसाचं नाव घ्यायचं. ऐकणाऱ्याच्या तोंडी तेच नाव असलं, तर दोघांच्याही तोंडातली त्या माणसाची बाकीची नावं गळून पडायची, वाळल्या शेंगेतून शेवग्याचं बी पडतं तशी. आम्ही ती अंगणातून झाडून टाकत होतो. नाव जुळलं नाही, तर ऐकणाऱ्यानं ते गालात धरायचं आणि पुढच्या शेजाऱ्यावर घालून बघायचं. असं करत करत बरीच माणसं भरून आली. पोशाभाऊंच्या आईला कुणी बाय म्हणायचं, कुणी आका. ती नुसती बाय झाली, आणि तिच्याखाली बाज पुन्हा करकरू लागली.

हे तेवढे राहिले. उगवतीला सगळी भावकी, तिकडे 'नाना' ठरलं. मावळतीला भजनाची मंडळी, तिकडे 'बुवा' ठरलं. दोन्ही नावं घराघरातून चालत आली आणि आमच्या दारात अडली. आता ह्यांची एक कूस उगवतीची आणि एक मावळतीची. मध्ये बोटभर फट. वारा सुटला की त्या फटीतून शिट्टी वाजायची. रोज फट थोडी रुंद व्हायची.

"आता तू म्हणशील ते," चांगुणा म्हणाली. "नाना म्हण, भागे, आणि मोकळी हो."

"मग बुवाची कूस?"

"गळेल. काहीतरी गळणारच."

मावळतीहून पोशाभाऊ ओरडले, "वहिनी, बुवा म्हणा! नाहीतर भजन कोण म्हणेल? ती चांगुणा?"

"म्हणेन की," चांगुणा म्हणाली, "तुझ्या मयताला."

हे उंबऱ्यावर बसून ऐकत होते. "कुठलंही घे," म्हणाले. "भात तोच लागायचा."

पण मला अर्धा नवरा नको होता. मी तसं चांगुणेला सांगितलं.

"बरं, तू स्वतः काय म्हणतेस त्यांना?"

"काही नाही." बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आमच्यात धरतात. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

"लेकीचं लग्न झालं तरी काही नाही? मग जेवायला कसे येतात?"

"भांडं वाजवते."

म्हटलं आणि मीच थांबले. आत गेले, पळी घेतली आणि पातेल्यावर मारली. फट मिटली नाही, पण शिट्टी थांबली. चांगुणा बघत होती. तिनंही आपलं पातेलं आणून वाजवलं. तिच्या तोंडातून 'नाना' खाली पडलं. पोशाभाऊंनी आधी मान हलवली, मग तांब्यावर वाटी आपटली. तो आवाज घराघरातून दोन्हीकडे चालत गेला. आठवड्यानं बांधाच्या दोन्ही टोकांहून भांडी ऐकू आली, आणि ह्यांची फट सांधली. त्यांनी उठून रांजणातलं पाणी ओंजळीत घेतलं. एक थेंब सांडला नाही.

सगळ्यांचं एक ठरलं, तसा बांध आखडू लागला. घरं जवळ आली. पण पाड्यातली प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याला भांडं वाजवूनच बोलावते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुपार झाली की घरोघर भांडी वाजायची आणि हे उठायचे. ज्या दारातून हाक येईल तिथे जाऊन जेवायचे. प्रत्येक हाकेनं थोडे जड व्हायचे. आधी पावलं उमटली, मग घोटे रुतले. शेवटी बांधाच्या उघाडीपाशी, जिथून भरतीचं पाणी अडवतात तिथे, ते गुडघाभर चिखलात अडकले. घरं सरकत सरकत त्यांच्याभोवती आली. आता प्रत्येक दारातून हात लांबवला की ताट त्यांच्यापर्यंत पोचायचं.

मी पळीला चिंधी बांधली आणि दारोदार गेले. आता काही लांब नव्हतं.

"भांडी वाजवू नका. ते बुडतायत."

"मग माझा घरी कसा येईल?" चांगुणा म्हणाली.

"नाव घे त्यांचं."

"तू घे आधी तुझ्याचं."

प्रत्येक दारात हेच. सगळ्या थांबल्या तर आम्ही थांबू, म्हणाल्या. पहिली कुणी व्हायला तयार नव्हती. तेवढ्यात दुपार झाली. भांडी वाजली. ह्यांच्या कमरेपर्यंत चिखल आला, आणि खाडीचं पाणी चढू लागलं.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"नको," हे म्हणाले. मी काय करणार ते त्यांना कळलं होतं.

"बुडू देऊ?"

मी नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं, सगळ्या दारांना ऐकू जाईल असं. कुणाच्याच तोंडी ते नाव नव्हतं, आणि सगळ्यांचं ठरून गेल्यावर ते गालात धरायलाही कुणी नव्हतं, म्हणून ते एकाही दारात शिरलं नाही. माझ्यापासून निघालं आणि त्यांच्यापाशी थांबलं. त्यांनी चिखलातून एक पाय वर काढला. मग दुसरा. पाण्यावर उभे राहिले, अगदी हलके, आणि माझ्याकडे बघत होते. चांगुणेच्या हातातली पळी तशीच वर राहिली.

माझे पती जोमा धाया म्हात्रे माघ वद्य तृतीयेला, भर दुपारी, भरती लागली तेव्हा वारले.